शिलाई मशीनवरचं स्टेअरिंग

माझ्या थोरल्या भावाने गेममधली गाडी पहिल्याच वळणावर भिंतीवर घातली आणि मी फिदीफिदी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्याच्या तीन वर्षं आधी, पाचगणीहून येताना पसरणीच्या घाटात दादाने आमची कार कठड्यावर घातली होती. मागे बसलेल्या आईचा पाय गुडघ्याखाली चिरडला. ती वाचली, पण जन्माची लंगडी झाली. तेव्हापासून आबा, म्हणजे आमचे वडील, येईल त्या पाहुण्यासमोर दादाला सोलून काढायचे. "ह्यानं आईचा पाय मोडला बघा." दादा मान खाली घालून ऐकायचा. त्याने स्टेअरिंगला पुन्हा हात लावला नाही. रहिमतपूरच्या बाजारालाही एसटीने जायचा. आणि खरं सांगतो, मीही त्यालाच दोषी धरत होतो.

मी सांगलीत नोकरीला, अपघाताच्या दिवशीही तिथेच होतो. तिथल्या एका सहकाऱ्याकडून रेसिंग गेमचं जुनं स्टेअरिंग आणि पेडल घेतली होती, ती सुट्टीला गावी आणली. घरच्या कॉम्प्युटरवर गेम टाकून तो टीव्हीला जोडला. स्टेअरिंग लावायला टेबल नव्हतं, म्हणून ते आईच्या शिलाई मशीनवर आवळून बसवलं. पायाने चालवायची मशीन ती. अपघातापासून बंदच पडली होती. दादा लांबून बघत होता. मी म्हणालो, "बस की दादा, हितं कुणाचा पाय मोडत न्हाई."

असलं बोलायची माझी जीभच तशी आहे. तो बसला.

दुसऱ्या वळणावर भिंत. तिसऱ्या वळणावर भिंत. वळण आलं की स्टेअरिंग त्याच्या हातात हिसके द्यायचं आणि तो दात-ओठ खाऊन ते उलटं ओढायचा. मी मनात म्हटलं, बघा, याचा हातच असा आहे, घाटात दुसरं काय होणार होतं. चौथ्या वळणावर स्टेअरिंग पुन्हा हिसकलं आणि दादा किंचाळला, "आबा, हात काढा! काढा म्हन्तो न्हवं हात!"

त्याचं डावं कोपर सणकन शेजारी वाकलेल्या माझ्या तोंडावर बसलं. ओठ फाटला, तोंडात रक्ताची चव आली. मी त्याची कॉलर धरून दोन गुद्दे हाणले. आम्ही दोघं मशीनसकट खाली आदळलो. त्याच्या छातीवर बसून तिसरा गुद्दा उगारला, तेव्हा कुठे तो काय ओरडला ते माझ्या डोक्यात शिरलं.

आबा तर पलीकडे कॉटवर बसले होते.

आबांनी आम्हा दोघांना ट्रॅक्टर शिकवला तो मडगार्डवर बसून, एक हात स्टेअरिंगवर ठेवून. आमच्याकडे सगळे असंच शिकवतात. चुकलो की त्या हाताने ते चाक फिरवायचे आणि दुसऱ्याने कानाखाली काढायचे. पुढे कारमध्येही शेजारी बसले की त्यांचा हात आपसूक तिकडे जायचा. घाटातही ते दादाच्या शेजारीच बसले होते. आम्हाला त्या सवयीत कधी काही वावगं वाटलं नाही.

आबा उठले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि दादाच्या पाठीत घातली. "बापावर घालतुयास व्हय रं?" दुसरी घातली. तिसरी. दादाने हातसुद्धा आडवा केला नाही. मी काठी हिसकावली आणि आबांना कॉटवर ढकललं. बापाच्या अंगाला हात लावायची माझी ती पहिली वेळ, आणि मला आणखी मारावंसं वाटत होतं.

आई भिंत धरत स्वयंपाकघरातून आली. दादाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. "आवं, खरं सांगा," ती आबांना म्हणाली, "त्या दिवशी हात कुणाचा व्हता?"

आबांनी तोंड टीव्हीकडे वळवलं. मग म्हणाले, "समोरनं यष्टी आल्ती."

 तिथेच मशीनजवळ खाली बसून आईने दादाच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा तो रडला.

मी ओठाला फडकं लावून मशीन उभी केली आणि गेमची सेटिंग उघडली. 'स्टेअरिंग असिस्ट' चालू होतं. गेम मुळात तसाच येतो. नवख्याला जमणार नाही असं धरून गाडी स्वतःच वळायला बघते आणि हातातलं स्टेअरिंगही फिरवते. सांगलीत मी ते पहिल्याच दिवशी बंद केलं होतं. घरी गेम नव्याने टाकला, तेव्हा ते पुन्हा चालू झालं आणि माझ्या ध्यानातच आलं नाही. मी ते बंद केलं. दादा डोळे पुसून बसला आणि त्याने अख्खी फेरी मारली. गाडी एकदाही भिंतीला लागली नाही.

हल्ली कार दादाच चालवतो. पुढे आई बसते, मोडका पाय लांब करून. आबा मागे माझ्या शेजारी असतात. वळण आलं की त्यांचा उजवा हात उठतो आणि मी तो धरून ठेवतो.