परीच्या फाइलमधली ओळ

हे मी कोणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळही नाही.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बाबा काटोलच्या मंडीत संत्र्यांच्या पेट्या उचलायचे, आई दुसऱ्यांच्या बागेत तण निंदायला जायची. घरात कोणताही कागद आला की माझ्या हातात. मला ते आवडायचं — खोटं कशाला सांगू?

चार वर्षांपूर्वी मोठ्या भावाची परी, आठ महिन्यांची, हगवणीनं पार सुकून गेली. लघवी बंद. नागपूरला दवाखान्यात नेलं. दुपारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्यात शिकलेलं कोण आहे?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आत नेऊन त्या इंग्रजीतून भराभर बोलल्या. किडन्या थांबल्यात. पोटात बारीक नळी घालून औषधी पाणी सोडायचं, काढायचं — लहान लेकराचं डायलिसिस असंच. आजच. सही करा.

किडनीसाठी पोटात पाणी कशाला? मला कळलं नाही. भीती वाटली. विचारता आलं असतं — पण विचारलं तर मी शिकलेला कसला? समजल्यासारखी मान हलवली, घरच्यांना विचारतो म्हणालो. बाहेर येऊन म्हणालो, "उद्यापर्यंत पाहू म्हणतात."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, अजून एकदा विचारून पाहा ना. पोरगी डोळे उघडून नाही राहिली."

"मले समजत नाही काय, वहिनी? मग तुम्हीच जा, बोला इंग्रजीत!"

आणि आत जाऊन मी काय सांगितलं? — घरचे नाही म्हणताहेत. "समजवा त्यांना," बाई म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. मी दोन्ही वेळा बाहेर जाऊन नुसता उभा राहिलो.

सकाळी परीला झटके आले. थांबेचनात. तेव्हा मी सही केली.

सुट्टीच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ होती — नातेवाईकांनी नकार दिल्याने उपचाराला उशीर. भावाला मी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. ती ओळ सोडून. भाऊ आजही सांगतो, "डॉक्टरनं उशीर केला." मी ऐकून घेतो. वहिनी अजूनही परीचा प्रत्येक कागद माझ्याकडेच आणते.

चार दिवस ते पाणी आत-बाहेर होत राहिलं. पाचव्या दिवशी लघवी झाली. किडन्या पूर्ण बऱ्या झाल्या. झटक्यांनी मेंदूला बसलेला मार तेवढा राहिला. परी आता पाचव्या वर्षात आहे. ती मान धरत नाही.