हौसामावशीने रंगवलेली मुलगी

मोटार जवळ येऊन हळू झाली, की हौसामावशी शिडीवरून खाली उतरायची. हातातला ब्रश नवऱ्याला द्यायची, पदर पुढं ओढायची आणि रंगाच्या डब्यात उगीच काडी फिरवत बसायची. मोटार पुढं गेली, की ब्रश घेऊन परत वर. दिवसातून दहा वेळा. कार्ल्याच्या फाट्यावर आम्हा सगळ्यांना हा प्रकार पाठ होता आणि कुणालाही त्याचं हसू येत नव्हतं.

तिचे यजमान गणपतभाऊ खरोखरच पेंटर होते. हमरस्त्याकडेच्या घरांवर साबणाच्या, चहाच्या, विड्यांच्या जाहिराती रंगवायचे. शिडीवरून पडून त्यांचा खुबा मोडला आणि ते खाली बसले ते बसलेच. मग मावशी वर चढली. तिला अक्षरओळख नव्हती. नमुन्याच्या कागदावर ती पेन्सिलीनं ठिपके घालायची, तेवढेच ठिपके भिंतीवर लांब लांब घालायची आणि रांगोळीसारखे जोडत जायची. अक्षरं येत, माणसं येत. "चित्र काढाया डोळं लागत्यात, मिशा न्हाई," ती म्हणायची. पण हळू आवाजात, आजूबाजूला बघून. भिंती बाई रंगवते हे कामं देणाऱ्या ठेकेदाराला कळलं तर काम जाईल, ही तिची भीती खोटी नव्हती.

मी सातवी पास झाले त्या उन्हाळ्यात आमच्या घराची भिंत साबणाच्या वाट्याला आली. नमुन्यात एक गोरंपान कुटुंब होतं. आई कपडे धुते आहे, बाप पांढऱ्या सदऱ्यात कचेरीला निघाला आहे, मुलाच्या खांद्याला दप्तर आणि मुलीच्या हातात बादली. मावशीनं तो कागद बराच वेळ पाहिला. मग मला हाक मारली. "हितं हुबी ऱ्हा. तोंड जरा वर कर."

चार दिवसांनी भिंतीवरची बादली मुलाकडं गेली होती आणि दप्तर मुलीच्या खांद्याला होतं. ती मुलगी मी होते. माझ्यासारखीच काळी, पुढच्या दातांत फट असलेली. जाहिरातीत काळी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मी मान वर करून चालायला लागले.

एरवी मान वर करावी असं काही नव्हतं. आठवीची शाळा लोणावळ्याला, एसटीनं जायचं. आणि पोरीला सात यत्ता पुष्कळ झाल्या, असं वडिलांनी ठरवून टाकलं होतं. पण त्यांची चहाची टपरी त्या भिंतीसमोरच. गिऱ्हाइकं भिंतीकडं बघत, मग कपबश्या विसळणाऱ्या माझ्याकडं, आणि विचारत, "पोरगी लोनावळ्याला जाती व्हय शाळंत?" दोन दिवस वडिलांनी नुसता चहाचा कप पुढं केला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "व्हय, जूनपासनं." चारचौघांत बोलून गेले आणि अडकले. मावशी चुन्याची बादली धूत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

ठेकेदार मुंबईहून यायचा आणि फाट्यावरूनच माघारी फिरायचा. आमचं घर फाट्याच्या पुढं, भिंत पुण्याकडं तोंड केलेली. तो इथवर कशाला येतोय, असं मावशीनं धरलं होतं. त्या दिवशी तो पुण्याहून आला.

"गणपत, हे काय आहे?" तो मोटारीतून उतरत म्हणाला. "मुलगा बादली घेऊन उभा आणि मुलगी शाळेत? आणि तिचा हा रंग? आपल्याला साबण विकायचाय."

"चुकलं सायेब," भाऊ म्हणाले. मावशी पदर ओढून शेजारी उभी होती. उद्यापर्यंत नमुन्याबरहुकूम झालं पाहिजे, नाहीतर दुसरा पेंटर बघतो, असं सांगून तो गेला.

तिनं संध्याकाळच्या आत मला गोरी केलं. दप्तर चुन्याखाली गेलं आणि हातात बादली आली. मी तिथंच उभी होते. "खांदा लय दुकतोय," एवढंच ती म्हणाली.

मी घरात गेले आणि वडिलांना सांगितलं, मला नाही जायचं शाळेत. त्यांना सुटल्यासारखं झालं असावं.

आईनं हे मावशीला सांगितलं. ती आली आणि उंबऱ्यावर टेकली. हाताला अजून रॉकेलचा वास होता. मला वाटलं, जवळ घेईल.

"भितीवर बघून निगालीस, भितीवर बघूनच बसलीस," ती म्हणाली. "भितीचं काय, चुना मारला की संपलं. तुजं सोताचं काय हाय का न्हाई?"

मी रडायला लागले. तिनं समजूत काढली नाही. "मी दमले पोरी. आता तुला रंगवनं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई," म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. तेव्हा मला तिचा फार राग आला. त्या रागातच मी वडिलांना म्हणाले, तुम्ही लोकांना सांगितलंय, मी जाणार.

जूनमध्ये गेले. एसटीच्या खिडकीतून ती बादलीवाली गोरी मुलगी मला रोज दिसायची. पुढं मी लोणावळ्यातच शिक्षिका झाले. मावशी आणखी बारा-पंधरा वर्षं शिडी चढत राहिली. नमुन्यात असतील तशी गोरी माणसं रंगवत राहिली. पुन्हा कधी काही बदललं नाहीस, असं मी एकदा तिला विचारलं. "येकदा केलं की," ती म्हणाली.

ती गेली तेव्हा सुट्टीचा दिवस होता, म्हणून मला पोचता आलं. अंगणात माणसं जमली होती. मळवलीहून आलेल्या कुणी पाव्हण्यानं विचारलं, कोण गेलं? एक जण म्हणाला, "पेंटरची बायको." तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की वीस वर्षं या रस्त्यावरची एकूण एक भिंत तिनं रंगवली आहे. माझा आवाज वर्गातून मैदानापर्यंत पोचतो. पाव्हण्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "पेंटरची बायको व्हय?"

मी नुसती मान डोलावली.