मांडवातली वर्दी

लोहाऱ्याच्या बंडप्पा सुभेदाराचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं लोक सांगत. लोक अर्धंच सांगत. बाजारात कुणी त्याच्या पायावरून बैलगाडी नेली, तरी "जाऊ दे बाबा, चल पुढं," म्हणून तो बाजूला व्हायचा. पण खाकी सदऱ्याची बटणं उघडी टाकून पान चघळत हिंडणारा शिपाई दिसला, की त्याच्या कानशिलावरची शीर उडायला लागायची. आणि आपल्या मुलखात वर्दीतल्या माणसाला घरगडी समजायची खोड पिढ्यान्‌पिढ्यांची! मग अशा माणसाला रागावायला कारणं शोधत जावं लागतं थोडंच? ती रोज दारात येऊन उभी राहतात.

बंडप्पा लिंगायत वाण्याच्या घरचा. बापाचं किराणा दुकान होतं आणि पोरानं तराजू धरावा एवढीच बापाची इच्छा होती. पोरगं महायुद्धाच्या धामधुमीत सोलापूर गाठून फौजेत भरती झालं. बाप दोन वर्षं त्याची पत्रं न उघडता पोस्टमनला परत देत होता. ब्रह्मदेशाच्या जंगलात बंडप्पा लढला, हिवतापानं खंगला, पण बाहीवर बढतीची पट्टी काही चढेना. कारण तेव्हा पलटणीत पट्टी चढायची ती कुणाचा चुलता सुभेदार आहे, कुणाचा मेव्हणा साहेबाच्या खानसाम्याच्या ओळखीचा आहे, यावर. आमच्या बंडप्पाचा चुलता लोहाऱ्यात गूळ विकत होता. त्याला कोण विचारतो?

सत्तेचाळीस साली गोरे साहेब गेले आणि एक हिंदी कर्नलसाहेब पलटणीवर आले. उत्तरेकडचं त्यांचं नाव बंडप्पाला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. पण ते नाव निघालं की तो उठून उभा राहायचा, मग हातातला चहा सांडला तरी चालेल. या कर्नलसाहेबांनी आल्या आल्या सगळ्यांना मैदानावर घेतलं. जो पळेल, जो नेम धरेल, ज्याला दहा माणसं सांभाळता येतील त्याला पट्टी, बाकी चुलत्या-मेव्हण्यांना रामराम! बंडप्पा हवालदार झाला तो असा. देश नवा होता, तिरंगा नवा होता. पण फौज जुन्या सवयींची राहिली तर झेंडा बदलून उपयोग काय, हे त्या एका माणसाला कळलं होतं.

पुढल्याच वर्षी पलटण नळदुर्गाच्या बाजूनं निजामाच्या मुलखात शिरली, आणि बंडप्पा आपल्याच जिल्ह्यात बंदूक घेऊन परत आला. ते दिवस वाईट होते. गावोगावी माणसं जुनी वैरं काढून बसली होती. वाटेतल्या एका खेड्यात एका जवानानं एका म्हातारीची कोंबडी उचलली. कर्नलसाहेबांनी त्याला ती कोंबडी काखेत घेऊन सगळ्या कंपनीसमोरून चालत परत पाठवलं, म्हातारीची माफी मागायला लावली. जवान कुरकुरला, "साहब, लोग तो घर के घर लूट रहे हैं." कर्नलसाहेब म्हणाले, "वो फौज नहीं हैं." एवढंच. बंडप्पानं आयुष्यभर पोटाशी धरलेलं शिक्षण ते एवढंच.

सुभेदार होऊन, पेन्शन घेऊन तो लोहाऱ्याला परतला आणि बापाच्या दुकानात बसला. बायको लक्ष्मीबाई म्हणायची, "आवं, गिऱ्हाइकाला सावधानमधी उबं करून कुनी साखर देतं व्हय?" पण तो तसाच द्यायचा, आणि गिऱ्हाईक रांगेतच उभं राहायचं.

बासष्ट साली चीनची लढाई झाली आणि पुढाऱ्यांना देशभक्तीचा ज्वर चढला. आमच्याकडचे पुढारी नारायणराव. जमीन भरपूर, जीभ त्याहून भरपूर. त्यांनी चावडीपुढं भाषण ठोकलं, मुठी आवळल्या, डोळे पुसले आणि गावात रक्षक दल निघालं. वरून खाकी वर्द्या आल्या, लाठ्या आल्या. शिकवायला माणूस हवा, म्हणून बंडप्पाला दुकानातून उठवून दलाचा प्रमुख केला. त्यालाही वाटलं, देशाला आपलं काम पडलं. भोळा माणूस.

शाळेच्या मैदानावर भल्या सकाळी कवायत सुरू झाली. पहिले आठ दिवस पोरांचा डावा पाय कुठला आणि उजवा कुठला याचाच घोळ चालला. मग हळूहळू पाय जुळले. नाईक नेमायची वेळ आली तेव्हा नारायणरावांनी पुतण्याचं नाव आधीच पेढ्यांसकट पाठवून दिलं. बंडप्पानं पेढे पोरांत वाटले आणि पुतण्याला, वसंतरावाला, बाकीच्यांबरोबर पळवलं. वसंतराव निम्म्यात धापा टाकत लिंबाखाली बसला. पहिला आला मकबूल, कापूस पिंजणाऱ्या लालमहंमदचा पोरगा. त्याचा आवाज असा खणखणीत, की त्यानं हुकूम दिला तर रस्त्यावरची म्हैससुद्धा थबकावी. मकबूल नाईक झाला.

नारायणराव दुकानात येऊन बसले. "सुभेदार, लोक काय म्हन्तील? आपली पोरं सोडून पिंजाऱ्याच्या हाताखाली कवायत?"

"पुतण्याला पळाया सांगा, नारायणराव," बंडप्पा म्हणाला. "पुडल्या साली परत बगू."

उन्हाळ्याच्या तोंडी गावाबाहेरच्या वस्तीवर कडब्याच्या गंजीला आग लागली. एरवी अशा वेळी सगळं गाव ओरडत धावतं आणि निम्मं गाव बघत उभं राहतं. या खेपेला मकबूलनं विहिरीपासून गंजीपर्यंत पोरांची ओळ लावली, घागरी हातोहात सरकल्या, आणि गंज गेली पण गोठा वाचला, गुरं वाचली. बंडप्पा बाजूला उभा होता. त्यानं एक शब्द काढला नाही, कारण काढायची गरजच पडली नाही. त्या रात्री त्याच्या अंगात आनंद मावत नव्हता. आपल्यावाचून चालतंय, म्हणजे हे खरं दल झालं, असं तो लक्ष्मीबाईला पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

आता गावाला दलाचा अभिमान वाटू लागला, आणि नारायणरावांना दलाची हाव सुटली. आज पाहुणे आलेत, चार पोरं वर्दीत फाटकाशी उभी करा. उद्या सत्कार आहे, हारांची टोपली धरायला दोघं पाठवा. बंडप्पा दर वेळी नाही म्हणायचा आणि नारायणराव दर वेळी हसायचे. ते हसणं चांगलं नव्हतं.

वैशाखात नारायणरावांच्या मुलीचं, चारुशीलाचं लग्न निघालं. नारायणराव म्हणाले, "लगीन घरचंच हाय, सुभेदार. मोठमोठी मान्सं येनार. पोरं वर्दीत आली तर मांडवाला शोभा येईल."

"शोभंला तोरनं लावा," बंडप्पा म्हणाला. "गर्दी व्हनार आसंल तर रस्त्याचा बंदोबस्त करतो. ते आमचं काम हाय."

ठरल्याप्रमाणं त्यानं पोरं रस्त्यावर उभी केली. गाड्या कुठं सोडायच्या, मोटारी कुठं लावायच्या, सगळं चोख. अक्षता पडल्या तेव्हा तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एसटीतून उतरलेल्या पाहुण्यांना वाट दाखवत होता. परत येऊन बघतो तर रस्त्यावर नुसता गोंधळ. गाड्यांची कोंडी झालेली, बैल एकमेकांना शिंगं लावतायत, आणि दलाचं एकही पोरगं जागेवर नाही. सगळी मांडवात!

मांडवाच्या दाराशी मकबूल उभा होता. दलाचा नाईक, कडक इस्त्रीची वर्दी, आणि त्याला कामाला लावलं होतं पाहुण्यांची पायताणं राखायला! पंगतीत वाढायला मुसलमानाचा हात चालत नाही ना, म्हणून हे काम काढलेलं. त्याची मान खाली होती. आत खाकी सदऱ्यातली पोरं पितळेच्या बादल्या घेऊन वरण-भात वाढत होती. मुख्य पाहुण्यांच्या पाटामागं नारायणराव मिरवत होते, "बघा, आमची पलटन!" आणि एक ढेरपोट्या पाहुणा बोटं चाटत ओरडत होता, "ए पलटन, तूप आन की हिकडं!"

काय वाटलं असेल त्या माणसाला? ज्या कापडासाठी जंगलात माणसं मेली, ते तुपाच्या तपेल्यामागं पळताना बघून? चीड यावी तशी चीड आली आणि ती यायलाच हवी होती. ज्यांना आली नाही त्यांचीच लाज वाटायला हवी.

"लाइन बन!"

मांडव दचकला. वाजंत्रीवाल्याची सनई मध्येच थांबली. पोरांनी एकदा नारायणरावांकडं पाहिलं, एकदा सुभेदाराकडं. क्षणभर कुणी हललं नाही, आणि त्या क्षणात बंडप्पाची सगळी मेहनत टांगणीला लागली होती. मग एक बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला. दुसरा झाला. बघता बघता पोरं दोन पंगतींच्या मधल्या वाटेत सरळ रांगेत उभी राहिली. वसंतराव सगळ्यांत शेवटी आला, पण आला.

"नाईक मकबूल, रस्त्यावर जा. गाड्या सोडव." मकबूल सुटला तो वाऱ्यासारखा. मग बंडप्पा बाकीच्यांना म्हणाला, "वर्दी उतरवा. नीट घडी घाला."

पोरं बनियनवर आली. "पाव्हनं ताटावर बसल्यात, उपाशी उठाया नगंत. आता गावची पोरं म्हनून वाढा." आणि त्यानं स्वतःचा सदरा उतरवून घडी करून बाजूला ठेवला, गळ्यातलं लिंग बनियनच्या आत सारलं आणि वरणाची बादली उचलली.

नारायणराव दात खात जवळ आले. "माझ्या मांडवात माझीच अब्रू घेता, सुभेदार?"

"तुमच्या मांडवात म्या तुमचा वाढपी हाय, नारायणराव. काय वाढू बोला. पर वर्दी तुमच्या मांडवाची न्हाय."

आणि त्यानं शेवटच्या पंगतीपर्यंत वाढलं. त्या ढेरपोट्याला तूपसुद्धा वाढलं, अगदी आग्रहानं. त्यात काही कमीपणा त्याला वाटला नाही. पण हे कळायला जे डोकं लागतं ते नारायणरावांकडं कुठलं? त्यांना वाढपी हवे नव्हते, वर्दीतले वाढपी हवे होते.

आठवड्यात वरून हुकूम आला. बंडप्पाला दलातून कमी केलं होतं. आणि कारण काय? तर शिस्तभंग! बंडप्पा सुभेदारानं शिस्त मोडली! चोरानंच साव होऊन पंचायत बसवावी, तसला प्रकार. नवा प्रमुख वसंतराव. गाव दोन दिवस हळहळलं आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागलं. लक्ष्मीबाईनं मात्र लग्नाचे घरी आलेले लाडू म्हशीपुढं टाकले आणि म्हैस खाईपर्यंत नारायणरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

हुकमाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात पावलं वाजली होती. बंडप्पानं दार उघडलं. सगळं दल वर्दीत, रांग सुतासारखी सरळ, पुढं मकबूल. एकटा वसंतराव तेवढा नव्हता.

"वसंतरावाच्या हाताखाली आमी कवायत करनार न्हाय, साहेब," मकबूल म्हणाला. त्याचा तो खणखणीत आवाज कापत होता. "आमचं साहेब तुमीच. तुमी म्हनाल तिथं यू."

कुणाचं काळीज विरघळणार नाही? बंडप्पाचंही विरघळलं, डोळे भरले. पण पुढल्या क्षणी त्याच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

"कुनाच्या दारात उबं हायसा?"

"तुमच्या, साहेब."

"नारायणरावाच्या दारात म्या तुमाला उबं ऱ्हाऊ दिलं न्हाय, आन माज्या दारात ऱ्हाताय?" तो गरजला. "मग त्याच्यात आन माज्यात फरक काय ऱ्हायला रं? हुकूम झालाय. तुमचा प्रमुख मैदानावर वाट बघत आसंल. चला, निगा!"

मकबूल जागचा हलेना. "आन त्यानं परत मांडवात नेलं तर?"

"तर तोंडावर न्हाय म्हनायचं. समद्यांनी. म्या नसताना."

मकबूलनं सलाम ठोकला. बंडप्पानं तो घेतला नाही. आता त्याला तो हक्क नव्हता. मकबूलनं हुकूम दिला, रांग वळली आणि मैदानाच्या वाटेला लागली. पावलांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत बंडप्पा दाराआड उभा राहिला. मग खाली बसून लहान पोरासारखा रडला. संतापानं रडत होते, असं लक्ष्मीबाई पुढं सांगायची. दुसऱ्या कशानं रडत होते, असं म्हणायची तिची टाप नव्हती.