उजवा कान गेल्यावर

वीस वर्षं मी लग्नांत डीजे वाजवत आलो. एक गाणं हॉलमध्ये चालू असताना पुढचं हेडफोनमधून उजव्या कानानं ऐकायचं आणि दोन्हींचा ठेका जुळेपर्यंत वेगाची पट्टी बोटानं हलवायची, हे मी चुकत चुकत स्वतःच शिकलो होतो. मागच्या वर्षी त्या कानानं ऐकू येईनासं झालं. आता सुधारणा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. डाव्या कानाला हेडफोन लावून पाहिला, पण मग हॉलमधलं गाणं ऐकायला कानच उरेना.

गडहिंग्लजला एका हळदीत मी पहिल्यांदा सिंकचं बटण दाबलं. मशीननं दोन्ही गाणी क्षणात जुळवली. तरी लोकांना दिसावं म्हणून मी हेडफोन उजव्या कानाला धरून उभा राहिलो. दुपारभर लोक नाचले. शेवटी नवरीचे मामा जवळ येऊन म्हणाले, "पावणं, आज लई ग्वाड वाजवलंसा."

घरी कोल्हापूरला आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग बरंच झालं की. तरास वाचला."

तिचं काही चुकत नव्हतं. पण इतकी वर्षं मी काय करत होतो ते कुणाला ऐकूच येत नव्हतं, हे तिला कसं सांगावं ते कळेना. मी जेवायला बसलो.

अजूनही कामं घेतो. सिंकवरच वाजवतो. हाताला काही काम नसतं, म्हणून नाचणाऱ्यांची तोंडं बघत राहतो. माझ्याकडे कुणी बघत नाही.