बंट करणारी मुलगी

बेसबॉल आमच्या घरात लेकीने आणला. तिसरीत होती ती. वर्गातली एक मैत्रीण शनिवारी नदीकाठच्या मैदानावर खेळायला जायची, म्हणून हिलाही जायचं होतं. जपानमध्ये, एदोगावात आमच्या आसपासची बहुतेक मराठी मुलं भारतीय शाळेत जायची आणि सुट्टीला क्रिकेट खेळायची. आमची जपानी शाळेत, त्यामुळे तिचं जगच वेगळं. नवरा आठवडाभर धुमसत होता. क्रिकेट सोडून हे काय खूळ, म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या त्या क्रिकेटमध्ये हिला बॅटिंग कोण देतं रे? नुसती बाउंडरीवर उभी करता.

पोरीचं नाव घातलं आणि मग कळलं की आई-बापांचंही नाव आपोआप घातलं गेलंय. आयांना चहाची पाळी. बऱ्याच टीम्सनी ती आता बंद केली आहे म्हणे, आमच्याकडे होती. सातूच्या थंड चहाचा मोठा जार सायकलला लटकवून बांधावरून न्यायचा आणि कान्तोकुंना, म्हणजे टीमच्या मुख्य गुरुजींना, पहिला पेला द्यायचा. माझ्या सासूबाईंनी कधी मला असं कुणापुढे उभं केलं नव्हतं, ते या म्हाताऱ्याने केलं. बापांनी मैदान सपाट करायचं, मुलांना चेंडू टाकायचे. नवऱ्याचा चेंडू भलतीकडेच जायचा, त्यामुळे त्याला स्कोअर लिहायला बसवलं. तिथेच सगळं सुरू झालं.

लेक अंगाने लहानखुरी. बॅट जोरात फिरवायची तर तीच गोल फिरायची. कान्तोकुंनी तिला बंट शिकवला. बंट म्हणजे बॅट फिरवायचीच नाही, दोन्ही हातांनी आडवी धरायची आणि आलेला चेंडू पुढ्यातच मरू द्यायचा. तो उचलून आपल्याला बाद करतात, पण तेवढ्या वेळात पहिल्या बेसवरचा आपला गडी दुसऱ्या बेसवर पोचतो. असे चार बेस, म्हणजे टप्पे, पळून शेवटच्या, ‘घरच्या’ बेसवर पोचलं की रन. आपण बाद, दुसरा पुढे. लेकीला ते जमलं, आणि असं जमलं की पाचवीतल्या दांडगट मुलांनाही जमत नव्हतं. कितीही वेगाने येवो, चेंडू तिच्या बॅटला लागला की गपकन जमिनीवर पडून राहायचा. गडी पुढे सरकवायचा झाला की कान्तोकु तिला पाठवायचे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. बाद झाली, आता मान खाली घालून येणार, असं वाटून मी तिच्यासाठी पाण्याची बाटली काढून ठेवली. तर अख्खी टीम उठून उभी. प्रत्येकाने तिच्या हातावर टाळी दिली, कान्तोकुंनी टोपीला हात लावला. बाद होऊन आलेल्या माणसाचं असं स्वागत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. घरी येताना ती सायकलवर गाणं म्हणत होती.

नवऱ्याने तेच पाहिलं आणि त्याला वेगळंच दिसलं. रात्री जेवताना म्हणाला, "आपल्याच मुलीने का दरवेळी आउट व्हायचं?" त्याच्या बोलण्यात नुसता बेसबॉल नव्हता, हे मला कळत होतं. ऑफिसात तो वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे प्रोजेक्ट मार्गी लावत होता आणि प्रमोशनच्या वेळी दुसऱ्याच कुठल्या तरी सानचं, म्हणजे कुणा जपानी रावांचं, नाव निघत होतं. परक्या देशात आपल्या माणसाने कायम दुसऱ्याला पुढे ढकलायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या, हे त्याला झोंबलं होतं. तो लेकीसाठीच पेटला होता, हे मी आजही सांगेन.

टॅबलेटवर स्कोअर तो आधीपासूनच लिहीत होता. आता त्याने आकड्यांत डोकं घातलं. प्रत्येक चेंडू, प्रत्येक फटका, कोण कुठे मारतो, बंटनंतर रन होतात का आणि बंट न करता किती होतात. ऑफिसातून येऊन तेच, रविवारी सकाळी तेच. मी म्हणायचे, घरातल्या नळाचाही असा अभ्यास कर कधी, गेला महिनाभर गळतोय. त्याचा मुद्दा साधा होता, मलाही पटण्यासारखा. डावात आउट मोजकेच मिळतात. त्यातला एक आपल्या हाताने देऊन टाकायचा आणि बदल्यात फक्त एक बेस घ्यायचा, हा घाट्याचा धंदा. बंट थांबवा, मुलांना बॅट फिरवू द्या.

याच काळात त्याने सिनेमेही पाहिले. या विषयावरच्या इंग्रजी सिनेमांचा एक साचा असतो. एक एकटा माणूस, एक कॉम्प्युटर आणि समोर टेबलाभोवती बसलेले, खेळाडू निवडणारे म्हातारे. म्हातारे खेळाडूची चाल बघतात, खांदे बघतात, मला आतून वाटतंय असं म्हणतात, आणि प्रेक्षक हसतात. शेवटी कॉम्प्युटर जिंकतो. एका पावसाळी शनिवारी सराव रद्द झाला तेव्हा नवऱ्याने कम्युनिटी हॉलमध्ये टीमच्या बापांना असा एक सिनेमा दाखवला. कान्तोकुही आले होते, मागे बसले. पडद्यावरच्या म्हाताऱ्यांना सगळे हसले तेव्हा तेही हसले. मला त्या हसण्याने कसंसंच झालं.

जपानी सिनेमे बरोब्बर उलटे. तिथे आकडेवाला असलाच तर चष्म्याचा, थंड रक्ताचा, आणि शेवटी त्यालाच रडू फुटतं. शेवटचा डाव, चिखलाने भरलेले कपडे, गुरुजींचा एक इशारा, आणि मुलगा टीमसाठी बंट करतो. चेंडू हळूहळू, हळूहळू गडगडत जातो, मागे पियानो वाजतो. नवरा हे टीव्हीवर लागलं की कुत्सित हसायचा आणि मी चिडायचे, कारण माझे डोळे तोवर भरून आलेले असायचे. पण खरं सांगायचं तर मला दोन्हींचा राग येतो. एक कॉम्प्युटरला देव्हाऱ्यात बसवतो, दुसरा अश्रूंना. दोघांनाही जिंकणाऱ्याचीच गोष्ट सांगायची असते.

कान्तोकु लवकर बधले नाहीत. देवमाणूस वगैरे अजिबात नव्हते ते, नाहीतर माझाही सिनेमा व्हायचा. ओरडायचे, उन्हात पळवायचे, आणि बंट का, असं विचारलं तर बंटच करतात, एवढंच उत्तर. त्यांनी लहानपणी केला, त्यांच्या गुरुजींनी केला. बस्स. पण सहावीच्या सुरुवातीला एक मॅच अशी हरलो की एका मुलाचा बंट हवेत उडाला आणि दोघे एकदम बाद झाले. तरुण बाप आधीच नवऱ्याच्या बाजूचे होते. मीटिंग झाली. नवऱ्याने पडद्यावर आलेख दाखवले, अतिशय नम्रपणे, त्याच्या ऑफिसच्या जपानीत. कान्तोकुंनी सगळं ऐकून घेतलं, उठले, कमरेत वाकले आणि म्हणाले, पुढच्या मॅचपासून तुमच्या पद्धतीने करू. नवरा घरी आला तो दोन इंच उंच होऊन. आता बघ, म्हणाला, आपली पोरगी बॅट कशी फिरवते ते.

पोरीने बॅट फिरवली. लागली नाही. मग पुन्हा फिरवली. तो तिला घेऊन रोज संध्याकाळी पुलाखाली जायचा, प्लॅस्टिकचे चेंडू टाकायचा, वरून गाड्या धडधडत जायच्या. तिने जीव तोडून केलं, तक्रार एका शब्दाने केली नाही. पण तिच्यात तेवढी ताकद नव्हती. समोरच्या मुलांना ते एका मॅचमध्ये कळलं, ते सरळ मधोमध चेंडू टाकायचे आणि तिला बाद करायचे. आणि बॅटिंगची यादी आता कान्तोकु मनाने करत नव्हते. ती टॅबलेटवरून निघायची. नऊ जण खेळणार, आणि आमच्या लेकीचं नाव नवाच्या खाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. जे एक काम तिला सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं, ते तिच्या बापाने टीममधून काढून टाकलं होतं. टीम मात्र जिंकू लागली होती, हेही लिहायला हवं.

त्या इंग्रजी सिनेमांत एक प्रसंग हमखास असतो. आकड्यांत न बसलेल्या खेळाडूला आत बोलावतात, दोन वाक्यांत सांगतात, तो मान हलवतो आणि दार लावून निघून जातो. चोख काम, म्हणून आपण त्या सांगणाऱ्याचं कौतुक करतो. दाराबाहेर गेलेला माणूस कुठे जातो ते कधी दाखवत नाहीत. आमच्याकडे तो जेवायला घरी यायचा. वरणभात खायचा, युनिफॉर्म स्वतः वाळत घालायचा आणि विचारलं की जपानीत दाइजोबु म्हणायचा, म्हणजे ठीक आहे. युनिफॉर्मला माती लागलेली नसायची, तरी लेक तो धुवायची.

मी नवऱ्याशी भांडले. म्हटलं, एक नाव वर सरकव, कुणाला कळणारे? तो म्हणाला, मला कळेल. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला. त्याचा खरेपणा मला लग्नाआधीपासून आवडतो आणि त्या दिवसांत त्याच खरेपणाचा मला तिटकारा आला होता. तो झोपत नव्हता. एका सकाळी मला म्हणाला, मी तिला वर आणायला गेलो होतो गं.

सहावीच्या मुलांची शेवटची मॅच जवळ आली. त्यानंतर ती टीम सोडणार, मोठ्या शाळेत जाणार. आदल्या शनिवारी चहाची पाळी माझी होती. सराव संपल्यावर मी नळावर जार विसळत होते आणि नवरा कान्तोकुंपाशी गेला. वाकला. म्हणाला, उद्या वेळ आली तर एकदा तिला बंटला पाठवाल का. मग सवयीने पुढे बोलत सुटला, की एकच रन हवा असेल, शेवटचा डाव असेल, तर बंट कधीकधी फायद्याचा असतो, आकडेही तसं म्हणतात.

"हे तुम्ही आधी सांगितलं नव्हतंत," कान्तोकु म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, आश्चर्यच होतं. मला वाटलं, हो म्हणतील. मी नळ बंद केला.

"मी तिला पाठवायचो कारण टीमला तिची गरज होती," ते म्हणाले. "आता गरज नाही, हे मुलांनाही कळलंय. उद्या पाठवलं तर ती मेहेरबानी होईल. पहिलं पाऊल टाकतानाच तिला ते समजेल. मला तिला तसं पाठवता येणार नाही."

मला म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. हट्टी आहे, सूड उगवतोय, असं मी सायकलवर बडबडत आले. नवरा म्हणाला, नाही, तो बरोबर आहे. मलाही ते ठाऊकच होतं. बॅट आडवी धरून बाद होण्यात जी शान होती, ती सगळ्यांनी ती मानली म्हणून होती. एकदा तो घाटा आहे असं कळल्यावर कुणी कितीही टाळ्या वाजवल्या तरी ती परत आणता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या डावात बरोबरी झाली. आमच्या टीमचा पहिला बॅट्समन पहिल्या बेसवर पोचला, कुणी बाद नाही. पूर्वीसारखं असतं तर हीच वेळ तिची. लेक हेल्मेट घालून पहिल्या बेसच्या बाजूला उभी होती. पळणाऱ्याला इशारा द्यायचं काम बाकावरच्या मुलांना देतात, ते तिच्याकडे होतं. कान्तोकुंनी बाकाकडे पाहिलं नाही. बॅटिंगला गेलेल्या मुलाला फिरव अशी खूण केली. माझ्या मनात आलं, चुकू दे. देवा, त्याचं चुकू दे. दुसऱ्याच्या पोराबद्दल असं मनात आलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

तो चुकला नाही. चेंडू उंच, लांब, गवताच्याही पलीकडे गेला. लेक दोन्ही हात गोल फिरवत ओरडत होती, पळ, पळ, पळ. गडी घरी पोचला, आम्ही जिंकलो. बाप लोक नवऱ्याकडे धावले, त्याला मिठ्या मारल्या. त्या देशात बाप लोक मिठ्या मारत नाहीत. तो त्यांच्या खांद्यांवरून तिला शोधत होता.

मुलांनी रांग लावली, टोप्या काढल्या आणि मदत करणाऱ्या आईबापांपुढे वाकून आभार मानले. लेक रांगेत होती, बाकीच्यांइतकीच वाकली, बाकीच्यांच्याच जपानी शब्दांत आपल्या बापाचे आभार मानले. मग सामान आवरलं. आम्ही बांधाच्या पायऱ्या चढत होतो. ती पुढे होती, थांबली, त्याच्यासाठी मागे वळली. घरात ती आमच्याशी अर्धंमुर्धं जपानीतच बोलायची, त्याच्याशी तर जास्तच. त्या दिवशी मराठीत बोलली, शब्द शोधत, एकेक नीट जुळवत.

"बाबा, तुझं बरोबर होतं," ती म्हणाली. "बंट नको होता."

तिला त्याला बरं वाटावं असं वाटत होतं. नवरा पायरीवर बसला. सगळी टीम आमच्या बाजूने वर चढून गेली, आणि तो चेहरा झाकून तिथेच बसून राहिला.