शेवटची रोटली

बहात्तर सालची संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते. वजन पंचेचाळीस किलो. हजर: नगीनशेठ, जनावरांचे डॉक्टर, मी, आणि कापडाच्या गाठी तोलायच्या काट्यावर धापा टाकत बसलेला राजा, शेठांचा अल्सेशियन.

"गणपतीत छत्तीस होता," डॉक्टर म्हणाले. "हृदयावर ताण येतोय. असंच चाललं तर उन्हाळा काढणार नाही."

शेठ माझ्याकडे वळले. "पाटीलभाई, साचुं बोलो. फिरवता, की नाक्यावरच्या लारीवर चा पीत बसता?"

मी बारा वर्षं एका लूम कारखान्यात टाइमकीपर होतो. शेकडो कामगारांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. पाच मिनिटं कधी इकडची तिकडे केली नाहीत. कारखाना बंद पडल्यावर अठवा लाइन्स या शेठलोकांच्या वस्तीतल्या तीन बंगल्यांची कुत्री फिरवायला घेतली. भेस्तानच्या कामगार वस्तीतली आमची खानदेशी मंडळी हसली. हसू देत. हे कामही मी हजेरीपटासारखंच केलं. बाहेर सहा दहा, आत सात पाच, पावलं पाच हजार दोनशे. त्यातली 'हील'वर किती, तेही लिहायचो. हील म्हणजे कुत्र्याने साखळी सैल ठेवून आपल्या डाव्या गुडघ्याशी चालायचं. साखळी ताणलेली असेल, तर कुत्रा माणसाला फिरवतोय असं समजावं.

ती वही मी शेठांपुढे धरली. त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

"लखवानुं तो कोई बी लखे."

लिहायला काय, कोणीही लिहितं! माझ्या कानशिलांत रक्त चढलं. कामचोर म्हणून या बंगल्यातून निघालो असतो, तर उरलेले दोन बंगलेही दुपारपर्यंत गेले असते.

"खायला काय देता?" मी विचारलं.

"मी पोते आपुं छुं, माझ्या हाताने. अर्धा लिटर दूध आणि भात. दुसरुं कंई नहीं."

मी राजाच्या तोंडावरून हात फिरवला. बोटं तुपकट झाली. बोटं शेठांच्या नाकाशी नेली.

"दुधाला एवढा तुपाचा वास येत नाही, शेठ. उद्या अकराला मागच्या ओट्यावर या. बोलायचं नाही, फक्त मोजायचं."

बंगला एक, भाऊ चार, चुली चार. मी सकाळी राजाला पुढच्या फाटकातून आत सोडून निघून जायचो. मागची दारं मी कधी पाहिली नव्हती. सव्वाअकराला पहिलं दार उघडलं. मोठ्या वहिनी तुपाने माखलेली रोटली घेऊन आल्या. आम्हाला पाहून थबकल्या.

"आ तो छेल्ली रोटली छे," त्या म्हणाल्या. "पहिली गायीची, छेल्ली कुतरानी. एक रोटलीमां शुं?"

मग दुसरं दार. मग तिसरं. चौथं. प्रत्येकीची शेवटची, प्रत्येकीची एकच. शेवटी बा, शेठांच्या आई, काठी टेकत आल्या; त्यांच्या रोटलीत गूळही होता. पाच झाल्या. संध्याकाळच्या पाच धरून दहा. शिवाय इकडे संक्रांतीला कुत्र्यांसाठी घरोघर लाडू करतात. गल्लीतली कुत्री फाटकाबाहेर बसली होती, आणि लाडू सगळे आत!

शेठांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"आता बंद करायला सांगा," मी म्हणालो.

"पाटीलभाई, पुण्यनुं काम. बाने ना केम कहेवाय?"

मला चा पिणारा म्हणायला यांची जीभ अडली नव्हती. आईला नाही म्हणायला अडली! माफीचा एक शब्दही आला नाही. तोडगा मात्र निघाला. बांनीच काढला: शेवटच्या रोटल्या आता रस्त्यावरच्या कुत्र्यांना, आणि त्या पोचवायच्या मी, दुसऱ्या दिवशी सकाळी राजाला फिरवता फिरवता.

तिसऱ्या दिवसापासून आमच्या मागे चौदा कुत्री. राजाची हील पार बिघडली. वहीत मी 'पावलं' शेजारी 'रोटल्या' असा रकाना वाढवला.

होळीला काटा अडतीसवर आला. डॉक्टरांना पंधरा रुपये फी आणि पेढ्यांचा पुडा मिळाला. पुण्य चारही चुलींना मिळालं. मला रोटल्या न्यायला पितळेचा डबा मिळाला, आणि तो रोज घासून परत करायचा होता.