क्लचवरचा पाय
ब्रेक ऑइलचा उग्र वास नाकात गेला की आजही माझं डोकं तापतं. पाचोडहून मोसंबीचे क्रेट भरून मी माझी जुनी पिकअप शहरातल्या बाजाराकडं नेत होते, आणि वाटेत क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. जवळच गॅरेज होतं; लोकांनी गाडी तिथवर ढकलून दिली. मिस्त्री म्हणाला, "क्लचच्या ब्रेक ऑइलात हवा शिरलीय, काढावी लागंल. ड्रायव्हर कुठंय?" "मीच हाय," म्हटलं. तो हसला. शेजारच्या चहावाल्याला बोलावून त्यानं सीटवर बसवलं आणि मला म्हणाला, "ताई, तुम्ही सावलीत बसा." मग तो गाडीखाली शिरला. "दाब! धरून ठेव!" असं ओरडून तो नट सैल करायचा, आणि नट परत आवळायच्या आत चहावाला पाय उचलायचा. निघालेली हवा पुन्हा आत! मोसंबी उन्हात तापत होती, लिलावाची वेळ टळत होती आणि मी माझ्याच गाडीबाहेर उभी. शेवटी चहावाल्याला खाली उतरवून मीच चढले. "सोड" ऐकू येईस्तोवर पाय हलू दिला नाही. हळूहळू पेडल पायाखाली घट्ट झालं. खालून आवाज आला, "शाब्बास रे भावा! आत्ता जमलं." मी खिडकीतून ओरडले, "भाऊ नाय, मी हाय!" मिस्त्री हात पुसत बाहेर आला. "व्हय का? मग मालकांनी लई चांगलं शिकवलंय की." मालकांनी! लिलाव कसाबसा गाठला, पण ते बोलणं काही जिरलं नाही. आमच्या मालकांना अजून सायकलसुद्धा चालवता येत नाही.